टोक भुईला टेकू नये

मयूर विहार, दिल्ली
२३ ऑक्टोबर १९९६

ती. आबा,

पत्र टाळलं, हे पहिल्याच ओळीत कबूल करते. आंतर्देशीय पत्रं आणली नव्हती असं नाही. एकावर अनिशनं गाझियाबादचा रस्ता काढून दाखवला, एक पावसात भिजलं आणि एकाचा पुडा करून मी शेंगदाणे खाल्ले. अनिश म्हणजे आमच्या कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर. पुण्याचा आहे, लग्न झालेला आहे. आईला आधी हेच सांगा.

परवा दसरा झाला आणि राहवेना. आपल्या व्यायामशाळेत खांबाला आणि दोराला हळद-कुंकू लागलं असेल, तुम्ही पोरांना ओळीत उभं करून सोनं वाटलं असेल. इथं रावण जाळतात. आमच्या सोसायटीच्या पोरांनी केलेला रावण एका बाजूला इतका कलला की फटाके सगळे गुप्ताजींच्या स्कूटरवर गेले. गुप्ताजी धावले, त्यांची बायको धावली, आणि रावण तसाच उभा. जाऊ दे, मी वाहवत चालले.

तुम्ही माझ्याशी बोलत नाही, तेव्हा उत्तर येणार नाही हे धरूनच लिहिते. आईनं जेवताना मोठ्यानं वाचावं आणि तुम्ही ताटाकडे बघत बसावं. मुलींचा वर्ग मी घ्यायचा असं तुम्ही ठरवलं होतं आणि मी दारोदार पाण्याचं मशीन दाखवायची नोकरी धरली. त्यावर तुम्ही एकच वाक्य बोललात, "फिरत्या माणसाच्या हातात दोर राहत नाही." आणि मग स्टेशनवर आला नाहीत.

तेच सांगायला बसलेय. दोर राहिलाय, आबा.

गाडी मनमाडला थांबली तेव्हा लाडू काढायला पिशवीत हात घातला, तर डब्याखाली दोर. मुलींच्या वर्गातला जुना, मधे काळवंडलेला. आई, हे तुझंच काम, मी ओळखलं. वरच्या बर्थवर बसून मी एक लाडू खाल्ला आणि दोराचा वास घेतला. समोरच्या बाई आपल्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "रस्सी सूँघ रही है."

मिरजेत दोर म्हटलं की कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथं प्रत्येकाला सांगावं लागतं. वरून सोडलेला सुती दोर, त्याला गाठ नाही, पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात धरून वर चढायचं आणि तिथं अधांतरी पद्मासन, निद्रासन काय येतं ते करायचं. दोरीचा मल्लखांब. एवढं ऐकून अनिश म्हणाला, "म्हणजे तू सर्कशीत होतीस?"

जोर-बैठकांना जागा लागत नाही. त्या मी लॉजच्या दोन खाटांमधे काढते, गाडी रेल्वे फाटकाला अडकली तर रस्त्याच्या कडेला काढते, अनिश तोंड फिरवून उभा राहतो आणि ओळख नाही असं दाखवतो. दोराला मात्र वर काहीतरी लागतं. दिल्लीत झाडं पुष्कळ, आणि प्रत्येक झाडाला एक चौकीदार. परवा एका बागेत कडुलिंबाच्या फांदीला दोर टाकला तर शिट्टी वाजवत आला.

"मैडम, यहाँ झूला डालना मना है."

"झूला नहीं है, भैया."

"तो क्या है?"

इथं माझी हिंदी संपली. मी चढून दाखवलं. तो खाली उभा राहून बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "अच्छा, उतर जाओ, मेरी नौकरी जाएगी." चांगला होता बिचारा.

मधे ताप आला होता, तेव्हा काही दिवस दोराला हात लावला नाही. (आई, ही ओळ वाचू नकोस.) पायाच्या बेचक्यातला घट्टा मऊ पडायला लागला होता. बघून इतकी घाबरले, तापानं घाबरले नव्हते. आता पुन्हा घट्ट होतोय.

इथं राहते ती सोसायटी सरकारी नोकरांची आहे. घरमालक हरिदासकाका, मूळ अकोल्याचे, कुठल्याशा मंत्रालयात आहेत, आणि हेमलताकाकू. काकू मला रोज विचारतात, "बेटा, घरी फोन केलास का?" मी हो म्हणते.

मृणाल


गाझियाबाद
२८ नोव्हेंबर १९९६

ती. आबा,

हे पत्र अशा ठिकाणी बसून लिहितेय की तुम्हाला हेवा वाटेल. लिफ्टच्या विहिरीत.

सांगते. इकडे यमुनेपलीकडे आणि त्याच्याही पलीकडे इमारती उगवताहेत. रस्ता नाही, दिवे नाहीत, पण सहा मजले उभे, आणि चौथ्या मजल्यावर एक कुटुंब राहायलासुद्धा आलेलं, बाल्कनीत डिश अँटेना. त्यांच्याकडे नळ आहे पण नळाला पाणी नाही, आणि आम्ही त्यांना पाणी शुद्ध करायचं मशीन दाखवतो. बाई म्हणाली, "पहले पानी तो ले आओ." आम्ही सगळे हसलो, चहा प्यायलो, आणि मशीन न विकता खाली आलो. काल नोएडाकडून येताना दोन इमारतींच्या मधे नीलगाय उभी होती. घोड्याएवढी, राखाडी, अगदी आपल्याच दारात उभं राहावं तशी. अनिशनं हॉर्न वाजवला तर तिनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं गाडी बंद केली आणि आम्ही वाट बघत बसलो.

हां, लिफ्टची विहीर. या इमारतीत लिफ्ट अजून बसलेली नाही. तळमजल्यापासून वरपर्यंत चौकोनी पोकळी, आणि पहिल्या मजल्यावर मजुरांनी एक जाड लोखंडी तुळई आडवी टाकलीय, सामान ओढायला. मुकादमाला मी म्हटलं, दुपारी जेवणाच्या सुट्टीत मला ती द्या. तो म्हणाला, "क्या चढ़ाना है?" मी म्हटलं, स्वतःला. खाली वाळूचा ढीग आहे, तेव्हा काळजी नको. तुळई कोरडी आहे, मी हात फिरवून बघितली. गाठ तुम्ही शिकवलेलीच.

आबा, व्यायामशाळेच्या छतापेक्षा उंच आहे ही पोकळी. आणि गार. वर एक चौकोन आभाळ. मी पद्मासन घालून उलटी झाले तर आभाळ पायाखाली आलं. गवंडीकाम करणाऱ्या बायका भाकरी खात खात बघत होत्या. एक म्हणाली, "दुख नहीं रहा?" मी म्हटलं, नाही. (थोडं दुखतं.) तिनं विचारलं, हे कोणी शिकवलं? मी म्हटलं, वडील. ती दुसरीला म्हणाली, "देखो, बाप ने सिखाया है," आणि दोघी भाकरी खायच्या थांबल्या. का ते मला कळलं नाही, पण तुम्हाला सांगावंसं वाटलं.

आमचे साहेब मोठ्या हॉटेलात उतरतात. तिथं व्यायामाची खोली आहे, काचेची. त्यात एक पट्टा फिरतो आणि त्यावर माणूस धावतो, तो तिथल्या तिथंच. साहेब धावत धावत आम्हाला पुढच्या महिन्याचा दौरा समजावत होते. मेरठ, मोदीनगर, गुडगाव, मानेसर. मला वाटलं, यांचे पाय जागेवर आणि तोंड मानेसरला.

मुकादम सुट्टी संपली म्हणून ओरडतोय. दोर सोडवून खांद्यावर घेते. वाळूवर ठेवला नाही, विचारायच्या आधीच सांगते. चौथीत असताना मी एकदा दोर जमिनीवर टाकला होता तेव्हा तुम्ही मला दिवेलागणीपर्यंत तो हातात धरून उभं केलं होतंत. "दोर टांगायचा. टोक भुईला टेकू द्यायचं नाही. टेकलं तर माती घेतो, गुंडाळून टाकला तर पीळ धरतो." तेव्हा मी रडत होते. आता लॉजवर गेलं की पहिल्यांदा खुंटी शोधते, मग पलंग.

मृणाल


मयूर विहार
२० डिसेंबर १९९६

ती. आबा,

आईचं कार्ड आलं. तिनं लिहिलंय की पत्र वाचताना तुम्ही उठून जात नाही, आणि लिफ्टच्या विहिरीशी आल्यावर आमटी पुन्हा वाढायला सांगितलीत. बाकी काही बोलला नाहीत. आणि खाली, कोपऱ्यात, तिच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात: "तू कुठल्या दोराबद्दल लिहितेस? मी फक्त लाडू ठेवले होते."

कार्ड मी दोनदा वाचलं. मग खाली जाऊन भाजलेली रताळी घेतली. इथं रताळी निखाऱ्यावर भाजतात, लिंबू पिळतात, वर मसाला. फार छान लागतात. दोर कोणी ठेवला ते मी विचारत नाही.

आता इथली थंडी. सकाळी खिडकी उघडली की बाहेर काहीच नसतं. समोरची इमारत नाही, गुप्ताजींची स्कूटर नाही, फक्त दूधवाल्याच्या किटल्यांचा आवाज. गाड्या निघत नाहीत, त्यामुळे दौरे कमी आणि मी खोलीत जास्त. मग दोर खोलीत आणला. माझ्या खोलीतला पंखा काकूंनी मुलासाठी पुढच्या खोलीत हलवलाय, हुक तेवढा मोकळा आहे. दोनदा लटकून बघितला, मजबूत आहे. छत बुटकं, तेव्हा चढणं नाही, पण पायांची अढी घालून लटकता येतं, आसनं होतात. दाराला कडी लावून करते. दोर लांब पडतो, म्हणून खालचं टोक वर घेऊन त्यालाच बांधते, म्हणजे फरशीला लागत नाही. झालं की दारामागच्या खुंटीवर, आणि त्यावर माझा कोट.

काकूंना सांगितलेलं नाही. विचारलं की माणसाला नाही म्हणायची सोय होते. त्या अशा भल्या आहेत की मला रजाई दिली ती स्वतःची, आणि अशा घाबरट आहेत की गॅस बंद केला का हे बघायला बाजारातून अर्ध्या रस्त्यातून परत येतात.

सूर्य दिसत नाही तर सूर्यनमस्कार कुठल्या दिशेला घालायचे, हे काकांना विचारलं. ते म्हणाले, "दूरदर्शनच्या टॉवरकडे तोंड करून घाल, सरकारी आहे, हलणार नाही."

मृणाल


मयूर विहार
१५ जानेवारी १९९७

ती. आबा,

खंडेरावांनी तुम्हाला जो निरोप दिला तो ऐकून घरात काय झालं असेल ते डोळ्यांसमोर आणवत नाही. आता सगळं नीट क्रमानं सांगते. मधे भरकटले तर आईनं पुढं जावं.

दोर लिफ्टच्या सिमेंटनं मळला होता, म्हणून शनिवारी धुतला. धुक्यात वाळेना. सोमवारी मानेसरला जायचं होतं, तिथं एका नव्या कारखान्याच्या कॅन्टीनला मशीन दाखवायचं होतं. मानेसरला अजून कारखाने थोडे आणि "येथे कारखाना होणार" अशा पाट्या जास्त. ओला दोर गुंडाळून नेला तर कुजणार, हे तुम्हीच शिकवलंत. तेव्हा स्टुलावर चढले, दोर हुकाला टांगला, खालचं टोक नेहमीसारखं वर घेऊन बांधलं. अनिश खाली हॉर्न वाजवत होता. स्टूल तसंच राहिलं आणि मी पळाले. धुकं इतकं उतरलं की रात्री परत येता आलं नाही. तिथंच कॅन्टीनच्या बाईंकडे राहिले.

इकडे काकू संक्रांतीचे तीळ काढायला माझ्या खोलीतल्या माळ्याशी आल्या. किल्ली होतीच. दार उघडलं, आणि समोर काय? हुक, दोर, दोराला खाली वेढा, वेढ्याखाली स्टूल. आणि मुलगी नाही.

आबा, मला खरंच सुचलं नव्हतं. मी तो दोर जन्मापासून बघतेय. मला तो दोरच दिसतो.

काकांनी कोपऱ्यावरच्या बूथवरून मिरजेला, खंडेरावांच्या दुकानात फोन लावला. घरचा फोन म्हणून तोच नंबर मी दिला होता. बूथमध्ये मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकलं आणि रात्री इथल्या लोहडीच्या सणाच्या शेकोटीपाशी सगळ्या सोसायटीला कळलं.

दुसऱ्या दिवशी, काल, संक्रांतीच्या संध्याकाळी मी तिळाच्या रेवड्या खात गेटमधून आत आले. चौकीदार मला बघून ओरडला, "आ गई! ज़िंदा है!" जिन्यात माणसं. काकू पायरीवर बसलेल्या. त्यांनी मला बघितलं, उठल्या आणि पाठीत असा दणका घातला की रेवडी घशात अडकली. मग मला धरून रडायला लागल्या.

"कार्टे! काय कमी होतं गं तुला इथं? मला एक शब्द सांगायचास! यार, मी काय तोंड दाखवलं असतं तुझ्या आईला?"

मला आधी काही कळेना. सोसायटीचे सेक्रेटरी ग्रेवालजी पुढे आले, पगडी न बांधता, नुसता रुमाल डोक्याला. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पुत्तर, जो भी परेशानी है, बैठ के बात करेंगे. पहले चाय पी."

मग मी वर खोलीत गेले, बघितलं, आणि मला हसू आलं. हसू आलं हे फार वाईट झालं. काकू आणखी रडायला लागल्या. ग्रेवालजी काकांच्या कानात म्हणाले, "सदमा है."

बोलून उपयोग नव्हता. स्टूल सरकवलं, टोक सोडलं, दोराला कपाळ लावलं, आणि सलवारीचा पाय वर खोचून अढी घातली. खोली माणसांनी भरलेली, दारात चौकीदार. मी पद्मासनात उलटी झाले, हात सोडले. सगळं उलटं दिसत होतं. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि घालायचा विसरले. ग्रेवालजी म्हणाले, "ओ तेरी!" मी म्हटलं, "हे दोन्ही हात मोकळे आहेत बघा. पकड फक्त पायात आहे." मग निद्रासन दाखवलं. चौकीदारानं टाळ्या वाजवल्या.

सगळे हसले. काकू सोडून. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, म्हणाल्या, "छान आहे. बिल्कुल छान आहे. पण ते मी जे बघितलं ते माझ्या डोळ्यांसमोरून जाणार नाही. त्या खोलीत मला आता पाय टाकवत नाही. रविवारपर्यंत ठरव, बेटा. दोर या घरात राहील किंवा तू."

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण आबा, दोर कुणाच्या तरी माळ्यावर गुंडाळून ठेवून मी इथं राहिले तर तुमचं वाक्य खरं झालं की. आणि दुसरी खोली शोधायची म्हणजे ही माणसं सोडायची. रात्री पहिल्यांदाच मला मिरज आठवली, म्हणजे पत्रात लिहिण्यापुरती नाही, खरी आठवली.

आज सकाळी बूथवर जाऊन खंडेरावांना फोन लावला. मी जिवंत आहे म्हटल्यावर त्यांनी आधी मला शिव्या दिल्या. मग म्हणाले, "अगं, मी चपला न घालता पळालो तुझ्या आबांकडे. वर्ग चालू होता. मी सगळं सांगितलं, हुक, फास, स्टूल, मुलगी नाही. तुझ्या आबांनी काय विचारावं? म्हणे, 'खालचं टोक भुईला टेकलं होतं का?' मी म्हटलं, अहो आबा, काय विचारताय, टोक वर बांधलंय म्हणून तर सांगतोय! त्यावर म्हणाले, 'बरं.' आणि एका पोराला म्हणाले, 'चल, चढ. गुडघा सरळ.'"

बूथवाला म्हणाला, "मैडम, बात हो रही है कि नहीं?"

बाकी काही म्हणाले का, असं विचारलं. खंडेराव म्हणाले, "नाही. रडणाऱ्या तुझ्या आईला मात्र आत जाऊन काहीतरी सांगितलं, ती गप्प झाली. बाई, तुमच्या घरात सगळेच वेडे आहात."

मृणाल

ता. क. सोबत काकूंचा तिळगूळ. पाकिटात भुगा झाला असेल, पण घ्या.


मयूर विहार
१९ जानेवारी १९९७, रविवार

ती. आबा,

ऊन पडलंय! समोरची इमारत जागेवर आहे. सगळ्या बाल्कन्यांमधे रजाया वाळताहेत, गुप्ताजी स्कूटर धुताहेत, आणि मी दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत पाय कठड्यावर टाकून हे लिहितेय. आज रविवार, म्हणजे काकूंनी दिलेली मुदत संपली. मी अजून इथंच आहे आणि दोरही.

झालं असं. गुरुवारी दुपारी मी पिशवी भरत होते. काकू दारात आल्या, उंबऱ्याच्या आत नाही, बाहेरच. मग म्हणाल्या, "ते पायाच्या अंगठ्यात कसं धरतेस गं? सोलत नाही?" मी घट्टा दाखवला. त्यांनी बोटानं दाबून बघितला. म्हणाल्या, "माझा हा खांदा दोन वर्षं वर जात नाही. केस बांधायला तुझ्या काकांना बोलवावं लागतं. ते नुसतं लटकलं तर...?"

मी म्हटलं, काकू, नुसतं लटका. पायाखाली स्टूल ठेवू.

"स्टूल नको!" त्या ओरडल्या. मग आम्ही दोघी हसलो. पहिल्यांदा.

पण खोलीत नकोच म्हणाल्या. तेव्हा ग्रेवालजींकडे गेलो. खालच्या बागेत मुलांच्या झोपाळ्याची लोखंडी चौकट आहे. झोपाळे मागेच चोरीला गेले, चौकट तेवढी राहिलीय. ग्रेवालजी म्हणाले, "ले लो जी, कुछ तो लटके इस पे." चांगली उंच आहे. दोर खाली सोडला तरी टोक गवताच्या वर राहतं. काल सकाळी मी तिथं चढले तर बाल्कन्यांतून माणसं बघायला उभी. ग्रेवालजींची सून म्हणाली, टीव्हीवर परदेशी बायका चटईवर उड्या मारतात त्यापेक्षा हे बरं, मला शिकव. गुप्ताजींच्या पत्नी म्हणाल्या, मलाही, पण साडीवर जमेल का? आता त्यांना रोज सकाळी दौऱ्याला निघायच्या आधी शिकवायचं कबूल करून बसलेय. आबा, हसू नका. मुलींच्या वर्गाला मी नको म्हटलं होतं, आणि इथं बायकांचा गळ्यात पडलाय. मला आवडतंय, हे आईला सांगा. तुम्ही ऐकलंत तरी चालेल.

मी दौऱ्यावर गेले की दोर माझ्याबरोबर, मग इथं काय लटकवायचं, हा एक प्रश्न आहे. एकच दोर. अनिश म्हणतो चांदनी चौकात मिळेल. मी म्हटलं, तो बैल बांधायचा दोर मिळेल. आपलं सूत वेगळं, पीळ वेगळा. तुम्हाला विचारलं असतं कुठून आणता, पण तुम्ही उत्तर देत नाही, म्हणून

थांबा. खाली काकू एकट्याच दोराला लटकायला गेल्यात, स्वेटर, मोजे, शाल सगळं घालून. मोजे काढा म्हणून वरून ओरडणार होते. पण गेटपाशी रिक्षा थांबलीय आणि ग्रेवालजी कुणाशीतरी हिंदीत बोलताहेत, आणि समोरचा माणूस त्यांना मराठीत उत्तर देतोय. आता तो बागेत आला. चौकटीखाली उभा राहून आधी वरची गाठ बघतोय.

"बाई, मुठीत नाही धरायचा. आणि ते मोजे काढा. अंगठ्यात धरा. हां. आता श्वास सोडा, घाबरायचं नाही."

काकू म्हणताहेत, "अच्छा, अच्छा. पण तुम्ही कोण?"

हा आवाज मी जुलैपासून ऐकलेला नाही.

धोतर, आईनं विणलेला मफलर, पायात माझे जुने कॅनव्हासचे बूट. एका हातात आईची पिशवी, म्हणजे लाडू. आणि खांद्यावर दोर, कोरा, पांढरा, दोन्ही टोकं वर खोचलेली.

आबा, हे पत्र आता टपालात टाकत नाही, हातात घेऊनच खाली येते. नोकरीचं, खोलीचं, तापाचं, सगळं सावकाश बोलू. आधी एवढंच सांगा: मिरजेपासून इथवर, गाडीत, तो दोर कुठं टांगला होतात?